श्रेष्ठ सोलो कोणता, आणि वाजवला कोणी?

गिटारचा सर्वश्रेष्ठ सोलो कोणता, हा रॉक संगीताच्या चाहत्यांमधला वाद पन्नास वर्षांत मिटलेला नाही. 'गिटार वर्ल्ड' या अमेरिकन मासिकाने वाचकांचा कौल घेऊन शंभर सोलोंची यादी छापली. तिच्यात पहिल्या पाचांत 'स्टेअरवे टू हेवन', 'इरप्शन', 'फ्री बर्ड', 'कम्फर्टेबली नम्ब' आणि 'ऑल अलाँग द वॉचटॉवर' आले, तर 'हॉटेल कॅलिफोर्निया' आठव्या क्रमांकावर गेले. यादी आल्यावर वाद थांबायला हवा होता, पण तिने वादाला आणखी इंधन पुरवले. आठव्याला पहिला मानणारे आजही हमरीतुमरीवर येतात.

हा वाद घालता येतो, कारण वाजवणाऱ्यांची नावे ठाऊक आहेत: जिमी पेज, एडी व्हॅन हॅलन, ॲलन कॉलिन्स, डेव्हिड गिल्मर, जिमी हेंड्रिक्स. मुंबईच्या स्टुडिओंमध्येही गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत अशी गिटार वाजली आहे की तिचे चार सूर ऐकून पानाच्या टपरीवरचा माणूसही गाणे ओळखतो. तिच्याबद्दलचा आपला वाद मात्र निराळा आहे. आपण विचारतो, ती वाजवली कोणी?

सोलो कशाला म्हणतात?

गाण्यात गायक थांबतो आणि काही आवर्तने एकच वाद्य पुढे येते, त्या तुकड्याला सोलो म्हणतात. मागे ढोल, बेस आणि तालाची गिटार चालूच असतात. सोलो वाजवणाऱ्याला गाण्याची चौकट पाळावी लागते आणि तिच्या आत स्वतःचे म्हणणे मांडावे लागते. ख्यालातली बंदिश ठरलेली असते आणि तान गाणाऱ्याची असते, हे आपल्या श्रोत्याला समजावून सांगावे लागत नाही. रॉकमधला सोलो या दोहोंच्या मध्ये कुठेतरी उभा असतो. काही सोलो आधी पूर्ण बांधलेले असतात, काही तिथल्या तिथे सुचलेले.

लांबलचक सोलोला तंत्रज्ञानानेही जागा करून दिली. जुन्या 78 आरपीएम तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मावत. तेवढ्यात मुखडा, अंतरे आणि वाद्यांचा तुकडा बसवायचा म्हणजे वादकाच्या वाट्याला काही सेकंदच यायचे. 1948 मध्ये अमेरिकेत एलपी आली आणि एका बाजूला वीसेक मिनिटांची सोय झाली. 1960 च्या दशकाच्या अखेरीस रॉक वाद्यवृंद तिचा पुरेपूर वापर करू लागले. नऊ मिनिटांचे 'फ्री बर्ड' आणि आठ मिनिटांचे 'स्टेअरवे टू हेवन' एलपीच्या काळातच शक्य होते.

वीज आणि मींड

सुरुवातीला गिटारचा आवाज फार लहान होता. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या ताफ्यात ती ऐकू येत नसे, म्हणून तिच्याकडे तालापुरते काम असे. हे बदलले ते पिकअपमुळे. चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे घालतात आणि ते पोलादी तारांखाली बसवतात. तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते, वेटोळ्यात क्षीण वीजप्रवाह निर्माण होतो आणि ॲम्प्लिफायर तो मोठा करतो.

या तत्त्वावर बाजारात आलेली पहिली यशस्वी विजेची गिटार म्हणजे 1932 ची रिकनबॅकर कंपनीची 'फ्राइंग पॅन'. नाव पडले ते तव्यासारख्या गोल आकारावरून. ती मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी दांडी सरकवत वाजवायची हवाईयन गिटार होती. ही पद्धत हवाई बेटांवरच्या जोसेफ केकुकू याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केली, असे मानले जाते. दांडी सरकवली की एका सुरातून दुसऱ्या सुरात मध्ये न तुटता जाता येते. आपण त्याला मींड म्हणतो.

उभी धरून पडद्यांवर बोटे दाबायची गिटारही लवकरच विजेवर आली. चार्ली ख्रिश्चन या तरुणाने 1939 पासून बेनी गुडमनच्या जॅझ ताफ्यात तिच्यावर एकेक सूर सोडवून वाजवायला सुरुवात केली आणि गिटार तालाच्या कामातून मोकळी झाली. वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो गेला, पण वाट पडली होती. पडद्यांच्या गिटारवर मींड आणायला वादक बोटाने तार आडवी ओढू लागले, सतारिया ओढतो तशीच. बी. बी. किंग सांगत की आपला नातेवाईक बुका व्हाइट याची सरकती गिटार आपल्याला जमली नाही, म्हणून तो आवाज आपण बोटाच्या कंपनातून काढला. मग 1952 ची गिब्सन लेस पॉल आणि 1954 ची फेंडर स्ट्रॅटोकास्टर ही वाद्ये आली. ॲम्प्लिफायर त्याच्या कुवतीपेक्षा जास्त ताणला की आवाज खरखरतो आणि सूर लांबतो, हेही लक्षात आले. ज्याला दोष म्हणत होते तोच रॉकचा आवाज ठरला.

पाच दावेदार, पाच रीती

नावाजलेले सोलो जन्माला कसे आले ते पाहिले, की यादीवर एकमत का होत नाही ते कळते.

'स्टेअरवे टू हेवन' लेड झेपेलिनच्या 1971 च्या चौथ्या अल्बममध्ये आहे. जवळजवळ सहा मिनिटे गाणे हळूहळू चढत जाते आणि मग सोलो सुटतो. जेफ बेकने भेट दिलेल्या जुन्या टेलिकास्टरवर जिमी पेजने तो तीनदा वेगवेगळा वाजवला आणि त्यातला एक निवडला.

'हॉटेल कॅलिफोर्निया'ची गोष्ट उलटी आहे. डॉन फेल्डरने घरी केलेल्या कच्च्या ध्वनिमुद्रणात सोलो सहज वाजवला होता. प्रत्यक्ष मुद्रणासाठी ईगल्स मायामीला गेले, तेव्हा फेल्डर आणि जो वॉल्श नव्याने काही वाजवू लागले. डॉन हेन्ली अडून बसला: कॅसेटवर आहे तसेच हवे. कॅसेट तर लॉस एंजेलिसला घरी राहिलेली. फेल्डर सांगतो की त्याने घरकाम करणाऱ्या बाईंना फोन लावला, त्यांनी रिसीव्हरजवळ कॅसेट वाजवली आणि त्याने आपलाच सहज सुचलेला सोलो पुन्हा शिकून घेतला. गाण्याच्या अखेरीस दोन गिटार आलटून पालटून बोलतात आणि मग एकत्र उतरतात, तो दोन मिनिटांहून मोठा तुकडा असा तयार झाला.

'कम्फर्टेबली नम्ब' पिंक फ्लॉइडच्या 1979 च्या 'द वॉल' अल्बममधले. डेव्हिड गिल्मरने शेवटच्या सोलोचे पाच-सहा प्रयत्न मुद्रित केले. नंतर ते ऐकताना कागदावर प्रत्येक ओळीपुढे खुणा केल्या: ही चांगली, ही ठीक, ही नको. मग कन्सोलवरची बटणे वर-खाली करत एका प्रयत्नातली ओळ संपली की दुसऱ्यातली, अशी जोडणी केली. ऐकणाऱ्याला वाटते की एका दमात काळीज ओतले आहे. प्रत्यक्षात ते काटेकोर संपादन आहे.

'इरप्शन' 1978 चे, पावणेदोन मिनिटांचे. एडी व्हॅन हॅलन स्टुडिओत हात मोकळे करण्यासाठी वाजवत होता आणि ध्वनिमुद्रक डॉन लँडी याने ते टिपून ठेवले. उजव्या हाताचे बोटही गिटारच्या मानेवर आपटून सुरांची सरबत्ती काढायची युक्ती नवी नव्हती, पण या तुकड्यानंतर ती जगभरच्या पोरांनी उचलली.

पाचवा दावेदार 'बोहेमियन ऱ्हाप्सोडी'. 1975 च्या या गाण्याचा कर्ता फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारूख बल्सारा, आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. 1954 मध्ये आठ वर्षांचा असताना तो झांझिबारहून तिथे आला आणि शाळेतच मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाच्या ताफ्यात पियानो वाजवू लागला. त्याच्या गाण्यात गिटारवादक ब्रायन मे याने चालीची नक्कल टाळून तिच्याशी बोलणारी दुसरी चाल रचली. मेची गिटार त्याने आणि त्याच्या वडिलांनी घरी बनवलेली, तिची मान जुन्या फायरप्लेसच्या लाकडाची. आणि ती तो छेडतो सहा पेन्सच्या नाण्याने.

एकात निवड, दुसऱ्यात उजळणी, तिसऱ्यात संपादन, चौथ्यात योगायोग, पाचव्यात रचना. कुणी उत्स्फूर्तता मोजतो, कुणी हाताची तयारी, कुणी गाण्यातली जागा. मोजपट्ट्याच वेगळ्या असल्यावर उत्तर एक कसे यावे? तरी मत द्यायचेच झाले, तर प्रस्तुत लेखकाचे मत गिल्मरला आहे. त्याच्या सोलोतली प्रत्येक ओळ गुणगुणता येते, आणि एकही काढली तर गाणे लंगडे होते.

रेडिओवरून आलेली गिटार

वैजापूरसारख्या तालुक्याच्या गावी गिटार पोहोचली ती रेडिओवरून. 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती सुरू झाली. दोन कार्यक्रमांच्या मधल्या जागेत चित्रपटगीतांच्या वाद्यावरच्या धून लागत, आणि त्यात हमखास हवाईयन गिटार असे. बातम्यांची वाट पाहत बसलेल्या घराला ती सरकती, गोड तार ऐकू येई. तोच हा मांडीवरच्या गिटारचा आवाज, ज्यातून अमेरिकेत विजेची गिटार निघाली.

या धून वाजवणाऱ्यांत व्हॅन शिपली हे मोठे नाव. लखनौचे शिपली उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांच्याकडे शिकले होते. ते व्हायोलिनही तितक्याच ताकदीने वाजवत. आठ तारांची विजेची गिटार ही त्यांची ओळख होती. पुण्याचे ॲकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स यांच्याबरोबर त्यांनी अनेक तबकड्या केल्या. हजारा सिंग हे दुसरे असेच नाव. वाद्यधुनांच्या तबकड्यांवर ही नावे ठळक छापलेली असत. हीच माणसे चित्रपटाच्या गाण्यात वाजवत, तेव्हा मात्र नाव गायब होई.

पडद्यावर हात कुणाचा, तारेवर बोट कुणाचे?

'चुरा लिया है तुमने' घ्या. 1973 च्या 'यादों की बारात'मध्ये पांढऱ्या पोशाखातली झीनत अमान गिटार घेऊन बसते. आधी पेल्याचा किणकिणाट, मग गिटार. ही सुरुवात महाराष्ट्रातल्या कोणत्याही ऑर्केस्ट्रातला गिटारवाला पहिल्यांदा शिकतो. ती वाजवली भूपिंदर सिंग यांनी, जे आपल्याला गझल गाणारे म्हणून अधिक ठाऊक. 1971 च्या 'दम मारो दम'मधली गिटारही त्यांचीच.

'अमर प्रेम'मधल्या 'चिंगारी कोई भडके'च्या बाबतीत प्रश्न आणखी गुंततो. तिथल्या गिटारसाठी भूपिंदर यांचेही नाव घेतले जाते आणि भानू गुप्ता यांचेही. भानू गुप्ता मूळचे हार्मोनिकावादक. तालमीच्या वेळी आपल्याकडून चुकून एक वेगळीच सुरावट वाजली आणि राहुलदेव बर्मन यांनी तीच उचलली, असे ते सांगत. राहुलदेवांच्या ध्वनिमुद्रणात एका वेळी अनेक गिटार बसत, तेव्हा दोन्ही नावे येण्यात नवल नाही. पण कोणता सूर कुणाचा, हे सांगणारा कागद तबकडीबरोबर आला नाही.

1980 च्या 'कर्ज'मध्ये तर गिटारच्या एका धुनेवर अख्खी कथा फिरते. ती वाजवता वाजवता नायकाला मागचा जन्म आठवतो. पडद्यावर गिटार ऋषी कपूरच्या हातात आहे, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे आहे, आणि बोटे प्यारेलाल यांचे धाकटे भाऊ गोरख शर्मा यांची. या धुनेचे बीज जॉर्ज बेन्सनच्या 'वी ॲज लव्ह'मध्ये आहे, हे दोन्ही लागोपाठ ऐकले की लगेच कळते. तरी आपल्याकडे गिटारचा सर्वांत प्रसिद्ध तुकडा कोणता, असा कौल घेतला तर हाच वर येईल.

अशी गफलत एकट्या गिटारची नाही. 1954 च्या 'नागिन'ची बीन ऐकून लोक डोलू लागले, पण तिथे पुंगी नव्हतीच. कल्याणजी यांनी ती क्लॅव्हियोलिन या विजेच्या वाद्यावर वाजवली होती आणि साथीला रवी यांची हार्मोनियम होती. दोघेही पुढे संगीतकार म्हणून गाजले, म्हणून ही हकिकत टिकली. जे वादकच राहिले, त्यांच्या हकिकती त्यांच्याबरोबर गेल्या.

याला कारण कामाची रीत. ताडदेवचे फिल्म सेंटर, महालक्ष्मीचे फेमस, वांद्र्याचे मेहबूब अशा स्टुडिओंमध्ये पन्नास-साठ वादक एकत्र बसत. स्वरलेखन करून प्रत्येकाच्या पुढ्यात कागद ठेवायचे काम अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा अशा गोव्याच्या संगीत संयोजकांचे. गायकासह सगळे एकदम मुद्रित होई. एक जण चुकला की पुन्हा पहिल्यापासून. दिवसाचे पैसे घेऊन वादक पुढच्या स्टुडिओकडे धावे. तबकडीच्या गोल कागदावर चित्रपट, गायक, गीतकार आणि संगीतकार एवढीच जागा होती. त्यातून गाणे साडेतीन-चार मिनिटांच्या चौकटीत राहिले, त्यामुळे गिटारच्या वाट्याला दोन अंतऱ्यांमधले काही सेकंदच आले. 'फ्री बर्ड'सारखा पाच मिनिटांचा सोलो आपल्याकडे न होण्यात वादकांची कुवत कमी पडली नाही, जागाच नव्हती.

पाश्चात्त्यांकडे सगळे आलबेल होते असेही नाही. बीटल्सच्या 1968 च्या 'व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स'मधला सोलो एरिक क्लॅप्टनने वाजवला, पण तबकडीवर त्याचे नाव नव्हते. फरक इतकाच, की तिथे पत्रकारांनी आणि चाहत्यांनी ही नावे खणून काढली.

मुंबईचा रॉक

1972 च्या ऑक्टोबरमध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईत होते. इथल्या वादकांना घेऊन त्यांनी 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही आपली दोन गाणी नव्याने मुद्रित केली. वाद्यवृंदाचे संचालन बासरीवादक विजय राघव राव यांनी केले. कुलाब्यातल्या 'स्लिप डिस्क' नावाच्या छोट्या क्लबातही ते वाजवून गेले. ते मुद्रण अधिकृतपणे बाहेर यायला 2015 साल उजाडले. गाण्याच्या नावापुढे लिहिले होते: बॉम्बे ऑर्केस्ट्रा.

याच शहरात पुढे 1984 मध्ये 'रॉक मशीन' हा ताफा उभा राहिला आणि महेश टिनईकर त्याचे मुख्य गिटारवादक होते. 1988 मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, 1993 मध्ये नाव बदलून 'इंडस क्रीड' झाले. 1986 पासून 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव धोबी तलावाजवळच्या रंगभवनात भरू लागला. शांतता क्षेत्राच्या नियमामुळे रंगभवनातले कार्यक्रम पुढे बंद पडले, पण तिथे वाजवलेल्यांची नावे आजही चाहते घडाघड सांगतात. ताफ्यातल्या माणसांची नावे कॅसेटवर होती, हे त्याचे एक साधे कारण.

शास्त्रीय संगीतानेही ही शिस्त पाळली. 1967 च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'वर शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर गिटारवादक ब्रिजभूषण काब्रा यांचे नाव बरोबरीने आहे. म्हणूनच त्यातली गिटार कुणाची, असा वाद कधी झाला नाही.

सप्ताहाची पत्रिका

नावे छापण्याची रीत वैजापूरकरांना नवी नाही. गोदावरीच्या पात्रातल्या सराला बेटाची, गंगागिरी महाराजांची सप्ताहाची परंपरा या तालुक्याला जवळची. गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह होतात. त्याची पत्रिका बारकाईने पाहा. वर कीर्तनकारांची नावे वारांनुसार असतात. पण खाली गायनाचार्य कोण, मृदंगाचार्य कोण, हार्मोनियमला कोण, विणेकरी कोण, चोपदार कोण, हेही ओळीने छापलेले असते. मुंबईच्या तबकडीला ज्यांची आठवण झाली नाही, त्या वादकांना गावच्या पत्रिकेत हक्काची ओळ आहे.

वरातीत मात्र आपणही मुंबईसारखेच वागतो. आपण ज्याला बेंजो म्हणतो ते खरे बुलबुल तरंग. जपानमधल्या नागोयाच्या गोरो मोरिता यांनी 1912 मध्ये टाइपरायटरसारख्या कळा बसवून केलेल्या ताइशोगोतो या वाद्याचा हा भारतीय अवतार. डाव्या हाताने कळा दाबायच्या, उजव्याने तारा छेडायच्या. महाराष्ट्रात त्याला पिकअप बसवला, भोंगे जोडले आणि वरातीपुढे त्यावर गाणी वाजू लागली. विजेच्या तारेवर एकाने पुढे होऊन वाजवायचे आणि मागे ताशा-ढोल, म्हणजे सोलोची सगळी लक्षणे इथे आहेत. गाडीवर पार्टीचे नाव आणि मोबाइल नंबर रंगवलेला असतो. वाजवणाऱ्याचे नाव सहसा नसते.

श्रेष्ठ सोलो कोणता, हा वाद रंगला पाहिजे. त्याने कान तयार होतात. पण त्याआधी वाजवणाऱ्याचे नाव माहीत असावे लागते. भूपिंदर सिंग 2022 मध्ये गेले, भानू गुप्ता 2018 मध्ये. त्या पिढीतले मोजकेच लोक आता सांगायला उरले आहेत. मुंबईच्या वादकांची नोंद अभ्यासक करतील, काहींनी केलीही आहे. आपल्या गावातला ऑर्केस्ट्रा, बेंजो पार्टी, बँड यांत तीस-चाळीस वर्षे वाजवलेल्यांची नोंद करायला मात्र बाहेरून कुणी येणार नाही. पुढच्या लग्नाच्या किंवा गणेशोत्सवाच्या पत्रिकेत त्यांच्यासाठी एक ओळ ठेवा, आणि वाजवणाऱ्याचे पूर्ण नाव, गाव आणि वाद्य तिच्यात छापा.